देवमाशाचा घोटा : उत्क्रांतीचे पुरावे मागणाऱ्यांसाठी एक धागा

खडकवाचक

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा धडा आहे. परीक्षा संपली की त्यातलं बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र उरतं, वाकलेलं माकड हळूहळू सरळ होत माणूस बनतं ते. माझं त्या चित्राशी जुनं वैर आहे. पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात. 'मग आजची माकडं माणसं का होत नाहीत?' हा प्रश्न नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला नाही असा महिना जात नाही. २०१८ च्या जानेवारीत तर औरंगाबादच्या एका संमेलनात एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीच माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही असं सांगून टाकलं. त्यावर देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावं लागलं.

माणसाचा विषय निघाला की भावना आड येतात. म्हणून या धाग्यावर माणूस बाजूला ठेवू आणि देवमासा घेऊ. त्याचे पुरावे भरपूर आहेत, आणि त्यातले महत्त्वाचे आपल्याच उपखंडातले आहेत : पाकिस्तानातला पंजाब आणि बलुचिस्तान, जम्मूमधलं कालाकोट, गुजरातचा कच्छ.

थोडक्यात गोष्ट अशी. देवमासा मासा नाही हे शाळेत शिकलोच. फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लू जन्माला घालतो, दूध पाजतो. म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवरचे सस्तन प्राणी असले पाहिजेत. डार्विननं १८५९ च्या ग्रंथात, तोंड उघडं ठेवून तासन्‌तास पोहत किडे टिपणाऱ्या अस्वलाचं उदाहरण देऊन असा प्राणी हळूहळू देवमाशासारखा होऊ शकेल असं लिहिलं. लोकांनी इतकी टिंगल केली की पुढच्या आवृत्त्यांत त्यानं तो मजकूर छाटला. अस्वलाची निवड चुकलीच होती, पण जमिनीवरून पाण्यात जाण्याची दिशा बरोबर होती.

साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आशियाला येऊन भिडत होता आणि मधला टेथिस समुद्र आटत चालला होता. त्याच्या काठच्या गाळात पाकिसीटस सापडला. लांडग्याएवढा, चार पायांचा, नाकपुड्या तोंडाच्या टोकाला. याला देवमाशांच्या कुळात का घातलं? कानामुळे. कानाच्या हाडाची आतली कड जाडजूड, आणि ही जाडी आजच्या प्रत्येक देवमाशात आणि डॉल्फिनमध्ये दिसते. त्याच्या नंतरच्या थरांत अँब्युलोसीटस, आखूड पायांचा आणि मोठ्या पावलांचा. मग कच्छचा कच्छिसीटस, लांब शेपटीचा आणि आकारानं लहानखुरा. मग ४ कोटी वर्षांच्या आसपास इजिप्तमधला बॅसिलोसॉरस : पंधरा-अठरा मीटर लांब, पूर्ण समुद्रातला, आणि त्या अवाढव्य शरीराला मागे हातभर लांबीचे पाय. गुडघा, घोटा, बोटं सगळं शाबूत, फक्त त्यावर उभं राहणं अशक्य. ते पाय १९९० साली प्रसिद्ध झाले.

प्रश्न विचारा. शिव्या द्यायच्या असतील तर शुद्धलेखनाला द्या.

सोलकढी

वाचतेय. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं, त्याची आठवण झाली. बिचाऱ्याला मोठ्या खटपटीनं समुद्रात ढकललं, पण शेवटी वाचलं नाही. तेव्हा टीव्हीवाले सारखे 'व्हेल मासा, व्हेल मासा' करत होते.

शंकासूर

खडकवाचक, लेख छान. पण चार वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं एका ओळीत मांडली म्हणजे एकापासून दुसरा झाला हे कसं सिद्ध होतं? आणि दुसरं म्हणजे पोहून पोहून पाय गळून पडले का? माझे आजोबा जन्मभर विहिरीत पोहले. माझे पाय आहेत अजून.

खडकवाचक

शंकासूर, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे सगळ्यांचीच गल्लत होते.

पोहून पाय गळत नाहीत. वापरानं किंवा न वापरल्यानं शरीरात झालेला बदल पिल्लांत उतरतो हे लामार्कचं म्हणणं, १८०९ सालचं. डार्विनची नैसर्गिक निवड वेगळी. कुठल्याही कळपात सगळे सारखे नसतात. कुणाचे पाय बोटभर आखूड, कुणाची हाडं जड, कुणाची शेपटी जोरकस. यातला काही फरक जनुकांमुळे असतो, म्हणून तो पिल्लांत जातो. पाण्यात शिरून खाणाऱ्या कळपात ज्याला पाण्यात चांगलं जमतं त्याची पिल्लं थोडी जास्त जगतात. बस, एवढंच. एकटा प्राणी बदलत नाही, पिढी दर पिढी कळपातलं प्रमाण बदलतं. तुमच्या आजोबांना पोहता येतं की नाही यावर त्यांना किती मुलं होणार हे ठरत नव्हतं, त्यामुळे तुमचे पाय सुरक्षित आहेत.

आणि वेळ बघा. पाकिसीटस ते बॅसिलोसॉरस सुमारे १ कोटी वर्षं. एक पिढी दहा वर्षांची धरली तरी दहा लाख पिढ्या.

पहिला प्रश्न खरा वजनाचा आहे. नुसती हाडं ओळीत मांडून काहीच सिद्ध होत नाही. आणि मी 'पाकिसीटसपासून अँब्युलोसीटस झाला' असं म्हटलेलं नाही, कुणी शहाणा तसं म्हणतही नाही. सापडलेला प्रत्येक प्राणी थेट पणजोबा असेलच असं नाही, तो बहुधा त्याच खानदानातला चुलत असतो. तरीही ही मांडणी का मानायची, तर एकमेकांशी काही संबंध नसलेले पुरावे एकाच उत्तरावर येतात म्हणून. त्यावर रात्री सविस्तर लिहितो. त्यात एक जोरदार भांडणही आहे.

नाना_नागपूरकर

भांडण म्हटलं की आम्ही हजर.

तिरफळ

डॉल्फिनबद्दल एक निरीक्षण. हर्णैला बोटीतून डॉल्फिन दाखवायला नेतात. पाठ वर येते, गोल फिरून खाली जाते. पापलेट-सुरमई शेपूट डावी-उजवीकडे हलवतात, डॉल्फिन मात्र वर-खाली. याचा संबंध आहे का?

खडकवाचक

तिरफळ, आहे आणि चांगलाच आहे. माशाचा कणा आडवा वळतो, सरडा-मगर यांचाही आडवाच. पळणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा वर-खाली वाकतो, कुत्रा जोरात धावताना पाठीकडे बघा. डॉल्फिन पाण्यात गेला, पण कणा वाकवायची पद्धत जमिनीवरचीच घेऊन गेला. म्हणून त्याच्या शेपटीचा पंखा आडवा आहे आणि माशाचा उभा.

खडकवाचक

आता भांडण.

देवमासा जमिनीवरून आला हे मान्य झाल्यावर प्रश्न उरला, कुणापासून? १९६६ पासून जीवाश्मवाल्यांचा कल मेसोनिकिड नावाच्या नामशेष, मांसाहारी प्राण्यांकडे होता. दातांचा आकार मिळता-जुळता होता आणि दात हे जीवाश्मवाल्यांचं दैवत. दुसरीकडे १९५० सालीच रक्तद्रवाच्या चाचण्या सांगत होत्या की देवमाशाचं नातं सम खुरांच्या प्राण्यांशी, म्हणजे गाय-शेळी-डुक्कर-उंट या गटाशी, सर्वांत जवळचं दिसतंय. १९९० च्या दशकात डीएनए वाचायला लागल्यावर तर जनुकवाल्यांनी थेट पाणघोड्यावर बोट ठेवलं. जीवाश्मवाले म्हणाले, अशक्य. पाणघोडा कुठे, देवमासा कुठे!

जनुकवाल्यांचा पुरावा असा. आपल्या सगळ्यांच्या डीएनएमध्ये स्वतःच्या नकला काढून कुठेही घुसणारे छोटे तुकडे असतात. अब्जावधी अक्षरांच्या मजकुरात नक्की त्याच जागी, तोच तुकडा, दोन प्राण्यांत स्वतंत्रपणे घुसण्याची शक्यता नगण्य. देवमाशात आणि पाणघोड्यात असे एकाच जागी घुसलेले तुकडे सापडले, आणि त्या जागा डुकरात-उंटात रिकाम्या होत्या. म्हणजे ते तुकडे दोघांच्या सामाईक पूर्वजात घुसले.

मग जीवाश्मवाल्यांना हवं होतं एक हाड. घोट्याचं. सम खुरांच्या सगळ्या प्राण्यांत या हाडाला वर एक आणि खाली एक अशा दोन्ही टोकांना कप्पीसारख्या खाचा असतात. इतर कुठल्याही गटात खालची खाच नसते. जुन्या देवमाशाचा घोटा सापडला की निकाल लागणार होता. २००१ च्या सप्टेंबरात दोन वेगळ्या चमूंनी एकाच सुमारास घोटे जाहीर केले. फिलिप जिंजरिच यांनी बलुचिस्तानातला रोडोसीटस आणि आर्टिओसीटस, हान्स थेविसन यांनी पाकिसीटस. दोन्हीकडे खाच वर आणि खाली. जिंजरिच स्वतः मेसोनिकिडच्या बाजूचे होते, हाड हातात आल्यावर त्यांनी बाजू बदलली.

शंकासूर, हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. जनुकवाल्यांनी हाडं न बघता जे भाकीत केलं ते ५ कोटी वर्षं गाळात पडलेल्या घोट्यानं खरं ठरवलं. डीएनए वाचणाऱ्या यंत्राला बलुचिस्तानच्या दगडात काय आहे ते ठाऊक नव्हतं.

गुळपोळी

वा! हे दहावीच्या पुस्तकात का नाही?

शंकासूर

बरं, पाणघोडा. मग पाणघोडे अजून आहेत कसे? त्यांचे देवमासे का नाही झाले?

नाना_नागपूरकर

आली आली, माकडवाली गाडी फलाटावर आली.

खडकवाचक

नाना, थांबा, प्रश्न वाजवी आहे. देवमासा पाणघोड्यापासून झाला नाही. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी जगणारा एक प्राणी दोघांचा सामाईक पूर्वज, तो आज नाही. माकडाचंही तेच. आजचं माकड आपला पूर्वज नव्हे, वेगळ्या फांदीवरचं भावंड. चुलतभाऊ पुण्यात राहतो म्हणून आपण कोल्हापुरात राहू शकत नाही असं होत नाही.

भुईकमळ

पण हे सगळं आपल्याकडे आधीच सांगितलेलं आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. आधी जलचर, मग उभयचर, मग जमिनीवरचा प्राणी, मग अर्धा माणूस, मग बुटका माणूस. दशावतार म्हणजे उत्क्रांतीच नाही का? पाश्चात्त्यांनी सांगितल्यावरच आपण मान्य करायचं का?

खडकवाचक

भुईकमळ, दशावतारांचा क्रम आकर्षक आहे आणि ही तुलना नवी नाही. पण देवमासा त्या क्रमात कुठे बसवणार? हा तर वराहाच्या पायरीवरून मत्स्याच्या पायरीवर परत गेला. साप पाय टाकून बसला. कोंबडी डायनोसॉरच्या कुळातली. उत्क्रांतीला वर जायची ओढ नाही, तिला मुळी वर-खाली नाहीच. त्या त्या जागी जो तगला तो तगला. अवतारांमागे हेतू आहे, धर्मरक्षणाचा. तो हेतू काढून टाकला तर अवतारकथेत काय उरेल? मला दोन्ही आवडतं, म्हणून दोन्ही आपापल्या जागी ठेवतो.

आणि 'पाश्चात्त्यांनी सांगितल्यावर' म्हणाल तर आता ही गोष्ट ऐका.

ए. रंगा राव नावाचे भारतीय भूवैज्ञानिक. त्यांनी जम्मूमधल्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळून जीवाश्मांचे दगड गोळा केले आणि १९७१ साली त्यातल्या एका लहान खुरवाल्या प्राण्याला इंडोहायस नाव दिलं. बरेच दगड न फोडताच राहिले. ते वारल्यावर वर्षानुवर्षं पेट्यांत पडून होते, मग त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्या हवाली केले. प्रयोगशाळेत साफसफाई करताना तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचं कानाचं हाड मोडलं. मोडलेल्या तुकड्याची आतली कड जाड होती. ती आजच्या प्रत्येक देवमाशात दिसते म्हटलं ना मी वर? तीच. २००७ च्या डिसेंबरात हे प्रसिद्ध झालं, लेखकांत सुनील बाजपेयी आहेत, ज्यांनी कच्छच्या देवमाशांवर आयुष्याचा मोठा भाग घालवला.

इंडोहायस मांजराएवढा, दिसायला आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणासारखा. पण पायांची हाडं आतून भरीव, पाण्यात तळाशी चालताना शरीर तरंगू नये म्हणून असतात तशी. आफ्रिकेतली पिसोरीची एक बहीण आजही गरुड आला की पाण्यात बुडी मारून बसते. जमिनीवरचा प्राणी पाण्यात का गेला, याचं एक शक्य उत्तर तिथे दिसतं : आधी जीव वाचवायला, पोट भरायला बऱ्याच नंतर.

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हणून थोडं अवांतर. 'डोळ्यांसमोर झालेलं दाखवा' म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये एकाच ई. कोलाय जीवाणूपासून १२ वंश वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये वाढवायला घेतले. खाऊ म्हणून थोडी साखर. द्रावणात सायट्रेटही भरपूर, पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला ते खाता येत नाही, ही तर त्याची ओळख. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका फ्लास्कमधले जीवाणू ते खायला लागले. बाकी अकरांत नाही.

मजा पुढे आहे. दर ५०० पिढ्यांचे नमुने गोठवून ठेवलेले होते. जुने नमुने पुन्हा वाढवून बघितले तर सायट्रेट खाण्याची करामत फक्त २०,००० पिढ्यांच्या पुढच्या नमुन्यांतूनच पुन्हा घडली. म्हणजे आधी काही बदल होऊन पाया तयार झाल्याशिवाय शेवटचा बदल उपयोगी पडलाच नसता. अपघातानं झालेल्या बदलांतून नवीन गुण निघूच शकत नाही म्हणणाऱ्यांना मी हा फ्लास्क दाखवते.

शंकासूर

जीवाणूचा जीवाणूच राहिला ना पण?

पेट्रीडिश

राहिला. वीस वर्षांत त्याचा पाणघोडा झाला असता तर उत्क्रांतीचा सिद्धांत कचऱ्यात टाकावा लागला असता.

नाना_नागपूरकर

:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

काळाबद्दल विचारतो. ५ कोटी, ४ कोटी हे आकडे येतात कुठून? दगडावर तारीख तर नसते.

खडकवाचक

नाना, एका अर्थी असते. ज्वालामुखीच्या राखेत-लाव्ह्यात किरणोत्सारी मूलद्रव्यं असतात, ती ठरलेल्या वेगानं दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात. किती बदलली ते मोजलं की खडक थिजल्याला किती काळ झाला ते कळतं. गाळाच्या खडकात हे थेट जमत नाही, तिथे वर-खालच्या राखेच्या थरांचा आधार घेतात. शिवाय सूक्ष्म जीवाश्म असतात. कच्छच्या चुनखडीत नाण्यासारखे चपटे, गोल न्युम्युलाइट खच्चून भरलेले आहेत. त्यांच्या कुठल्या जाती कुठल्या काळातल्या हे जगभर ताडून बघितलेलं आहे.

आपल्या पायाखालचा हिशेब सांगतो. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे ज्या कातळावर रायगड उभा आहे तो तयार झाला तेव्हा जगात एकही देवमासा नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला त्याच्या आगेमागेचे डायनोसॉरचे अवशेष मिळतात, हाडं आणि विष्ठेचे जीवाश्मसुद्धा. तिथल्या अस्सल, न ढवळलेल्या थरात उद्या कुणाला देवमाशाची कवटी सापडली तर मी वर लिहिलेलं सगळं कोसळेल. शोधणाऱ्यांना बंदी नाही.

सोलकढी

आजच्या देवमाशात पायांचं काही शिल्लक असतं का? शेळीच्या मटणात हाड दिसतं तसं?

खडकवाचक

असतं. मागे स्नायूंमध्ये कमरेच्या हाडाचे दोन सुटे तुकडे, कण्याला न जोडलेले. अगदी निरुपयोगी नाहीत, नराच्या जननेंद्रियाचे स्नायू त्यांना बांधलेले असतात. पण त्या कामासाठी कमरेचंच हाड का, याला पूर्वज सोडून दुसरं उत्तर मला सुचत नाही.

गर्भात तर आणखी स्पष्ट दिसतं. डॉल्फिनच्या कोवळ्या गर्भाला मागच्या पायांचे कोंब फुटतात, काही आठवड्यांत विरतात. दातांऐवजी झालर असलेल्या देवमाशांच्या गर्भात दातांचे कोंब येतात आणि जिरून जातात. दातांचं इनॅमल बनवणारी जनुकं त्यांच्याकडे आहेत, पण मोडलेली. क्वचित जुना कार्यक्रम अर्धामुर्धा चालूही होतो. २००६ साली जपानमध्ये मागे जादा परांची जोडी असलेला डॉल्फिन पकडला गेला. १९१९ मध्ये कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाजवळ मारलेल्या एका देवमाशाला चार फुटांच्या आसपास लांबीचे मागचे पाय होते.

तिरफळ

मटणाचा विषय निघालाच आहे तर सांगते. धागा वाचून काल मटणवाल्याकडून मागचा पाय सांध्यासकट मागितला. 'ताई, पाया करायचाय तर पुढचा घ्या' म्हणाला, तरी मागचाच आणला. कुकरला चार शिट्ट्या, मग हाडं निवडली. घोट्याचं हाड लगेच कळतं, ठोकळ्यासारखं, अंगठ्याच्या पेराहून थोडं मोठं. वर खोलगट खाच, बोट फिरवलं तर गुळगुळीत. उलटं केलं तर खालीही तशीच खाच, थोडी उथळ. मुलगी म्हणाली, दोन्हीकडून फिरकी आहे. नंतर पाकिसीटसच्या घोट्याचा फोटो शेजारी ठेवून बघितला. नवरा म्हणाला रस्सा थंड होतोय.

खडकवाचक

तिरफळ, तुम्ही धागा जिंकलात. आता माणसाच्या घोट्याचं चित्र बघा, वर कप्पी आहे, पण खाली पुढच्या बाजूला गोल गोळा. कुत्र्यातही तसंच. म्हणून त्या खालच्या खाचेला एवढी किंमत.

शंकासूर

कान पटला, घोटा पटला. शेळीचा पाय मीही बघणार आहे. पण एक अडतंय. जमिनीवर पिल्लू होतं ते डोक्याकडून. देवमाशाचं शेपटीकडून होतं असं वाचलंय, नाहीतर बाहेर येता येता बुडेल. हा बदल मध्येच कसा झाला असेल? अर्धं-अर्धं तर चालणार नाही.

खडकवाचक

मस्त प्रश्न. पाकिस्तानातल्या मायासीटस या सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचं वर्णन जिंजरिच यांच्या चमूनं २००९ साली केलं. एका सांगाड्याच्या पोटात लहान पिल्लाची हाडं होती, तोंड बाहेरच्या दिशेला. त्यावरून त्यांचं म्हणणं असं की हे प्राणी समुद्रात शिकार करायचे, पण विण्यासाठी किनाऱ्यावर यायचे, आजच्या सीलसारखे. तसं असेल तर तुमचं 'अर्धं-अर्धं' म्हणजे पाण्यात जगणं आणि जमिनीवर विणं. ते लाखो वर्षं व्यवस्थित चालू शकतं, कारण सीलचं आजही चाललंय. किनारा पूर्ण सुटेपर्यंत पिल्लू कुठल्या बाजूनं येतं यानं काही बिघडत नव्हतं.

पण हे सगळ्यांना मान्य नाही. थेविसन यांनी शंका काढली की ते पिल्लू पोटातलं कशावरून, ते शेवटचं जेवणही असू शकेल. म्हणजे घोट्यावर एकमत झालेली मंडळी इथे पुन्हा समोरासमोर. दोन्ही बाजू वाचून तुम्हाला कुठली पटते ते इथेच लिहा.

शंकासूर

जेवण असेल तर दातांच्या खुणा नकोत का हाडांवर?

पेट्रीडिश

अख्खं गिळलं असेल तर?

शंकासूर

मग पोटातल्या आम्लानं झिजलेली दिसतील. खडकवाचक, त्या सांगाड्याचे जवळून घेतलेले फोटो कुठे बघायला मिळतील?